रक्ताचे माप आणि प्रवास

जे माप गावाची वेस ओलांडताच बदलते, त्याला माप म्हणावे काय? हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. शेर, पायली आणि मण यांवर आपल्या कित्येक पिढ्यांचा व्यवहार चालला; परंतु मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा सुमारे २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहूनही अधिक वजनाचा होता. शब्द एकच, पण वजनात तिपटीचा फरक. त्या त्या पेठेत बसलेल्या व्यापाऱ्याला याची अडचण भासत नसे, कारण त्याचे गिऱ्हाईकही त्याच पेठेतले असे. अडचण होई ती माल घेऊन परप्रांती निघणाऱ्याची. अखेर १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि किलोग्रॅम सर्व देशाचा झाला.

धान्याच्या मापात घोटाळा झाला तर पैशाचे नुकसान होते. परंतु औषधाची मात्रा ज्या मापावर ठरवायची, ते मापच जर गावोगाव निराळे निघाले तर नुकसान होते ते प्राणांचे. वैद्यकाच्या इतिहासात असे एकदा घडले आहे, आणि तेही फार प्राचीन काळी नव्हे. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून जे औषध दिले जाते, त्याच्या परिणामाचे माप सुमारे चाळीस वर्षे सर्वत्र वापरात होते. पण ते सर्वत्र सारखे मात्र नव्हते. ते सारखे कसे झाले, आणि त्यामुळे प्रवासाला निघणाऱ्या रुग्णाला कोणते स्वातंत्र्य लाभले, याची हकीकत श्रोत्यांपुढे ठेवण्याचा माझा विचार आहे.

ज्यांच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप बसविलेली असते, ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, किंवा ज्यांच्या पायाच्या नीलेत एकदा गुठळी होऊन गेलेली असते, अशा अनेकांना हे औषध घ्यावे लागते. काहींना तर आयुष्यभर. व्यवहारात आपण त्याला रक्त पातळ करणारे औषध म्हणतो. वस्तुतः रक्त त्याने पातळ होत नाही. रक्त गोठविणारे काही घटक आपल्या यकृतात ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने तयार होत असतात. औषध त्या कामात अडथळा आणते आणि रक्त गोठण्यास अधिक वेळ लागू लागतो. अडथळा कमी पडला तर गुठळी होते, अधिक झाला तर रक्तस्राव होतो. या दोन संकटांमधली वाट अरुंद आहे. शिवाय तीच मात्रा एकाला कमी आणि दुसऱ्याला अधिक होते. एकाच माणसालाही ती निरनिराळ्या वेळी कमी-अधिक होऊ शकते. म्हणून वारंवार रक्त तपासून मात्रा ठरविणे, हाच या उपचाराचा प्राण होय.

या औषधाचा जन्म गुरांच्या गोठ्यात झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९२० नंतरच्या काही वर्षांत कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील शेतकऱ्यांची गुरे अंतर्गत रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापल्यासारख्या किरकोळ जखमेतूनही रक्त वाहत राही आणि थांबता थांबत नसे. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी शोध घेतला, तेव्हा दोष ‘स्वीट क्लोव्हर’ नावाच्या वैरणीत, आणि तोही बुरशी धरलेल्या वैरणीत असल्याचे त्यांना आढळून आले. पुढे नॉर्थ डकोटातील ली रॉडरिक यांनी अशा गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन या गोठविणाऱ्या घटकाची उणीव असते, हे दाखवून दिले. परंतु वैरणीतले ते विष कोणते, हे मात्र कोणालाच उमगले नव्हते.

१९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात विस्कॉन्सिन राज्यातील एक शेतकरी हिमवादळातून सुमारे तीनशे किलोमीटर मोटार हाकीत मॅडिसन येथील विद्यापीठात आला. त्याच्या गाडीत एक मेलेली कालवड होती, दुधाच्या बरणीत न गोठलेले रक्त होते आणि शंभर पौंड खराब वैरण होती. तो शनिवार असल्याने सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. अखेर तो कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जाऊन पोहोचला. लिंक यांच्यापाशी त्याला तत्काळ देण्याजोगा उपाय नव्हता. वैरण बदला आणि शक्य तर गुरांना रक्त द्या, एवढेच ते सांगू शकले. परंतु ते रक्त आणि ती वैरण यांनी लिंक व त्यांचे सहकारी यांना सहा वर्षे कामाला लावले. १९३९ मध्ये हॅरल्ड कॅम्पबेल यांनी त्या वैरणीतून विषाचे शुद्ध स्फटिक वेगळे काढले. त्याचे नाव डायकुमारॉल. १९४१ पासून माणसांवरील उपचारातही त्याचा वापर होऊ लागला.

याच कुळातील एक अधिक प्रभावी संयुग लिंक यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आले आणि १९४८ मध्ये ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात विकले जाऊ लागले. ‘विस्कॉन्सिन अॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफरिन हे नाव मिळाले. उंदराचे विष माणसाला द्यावे, ही कल्पना सुरुवातीला कोणासही रुचणे शक्य नव्हते. परंतु १९५१ मध्ये अमेरिकन सैन्यातील एका माणसाने आत्मघाताच्या हेतूने ते घेतले आणि ‘के’ जीवनसत्त्वाच्या उपचाराने तो पूर्ण बरा झाला. या विषाला खात्रीचा उतारा आहे, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट झाली. १९५४ मध्ये वॉरफरिनला माणसांसाठी मान्यता मिळाली. आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते देण्यात आले. गोठ्यापासून राष्ट्राध्यक्षांच्या शय्येपर्यंतचा हा प्रवास पुष्कळांनी वर्णिला आहे. त्यामानाने मापाची कथा मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

हे माप १९३५ मध्ये आर्मंड क्विक या अमेरिकन वैद्यांनी दिले. पद्धत तशी सोपी होती. रुग्णाचे रक्त घेऊन त्यातील तांबड्या पेशी वेगळ्या करायच्या, उरलेल्या द्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन नावाचे द्रव्य आणि कॅल्शियम मिसळायचे, आणि गुठळी होण्यास किती सेकंद लागतात ते मोजायचे. याला प्रोथ्रॉम्बिन काल म्हणतात. निरोगी माणसाचा हा काल साधारणतः बारा सेकंदांच्या आसपास येतो. औषध चालू असलेल्या माणसाचा चोवीस सेकंद आला, तर त्याचे रक्त गोठण्यास दुप्पट वेळ लागतो, असे डॉक्टर समजत आणि त्यावरून गोळी कमी-अधिक करीत.

यात एक गोम होती. थ्रॉम्बोप्लास्टिन हे खाणीतून काढलेले खनिज नव्हते. ते प्राण्याच्या अवयवांपासून तयार करावे लागे. कोणी सशाच्या मेंदूपासून करी, कोणी त्याच्या फुप्फुसापासून, तर कोणी मृत माणसाच्या मेंदूपासून. काही द्रव्ये औषधाचा परिणाम चटकन ओळखत, तर काही त्याविषयी मंद असत. त्यामुळे एकाच माणसाचे, एकाच वेळी काढलेले रक्त दोन प्रयोगशाळांत नेले तर दोन निराळे आकडे येत. हे आकडे हाती धरून डॉक्टर जेव्हा ठराविक गुणोत्तर गाठू पाहत, तेव्हा मंद द्रव्य वापरणाऱ्या ठिकाणी रुग्णाला नकळत कितीतरी अधिक गोळी दिली जाई. आकडा ग्रंथात सांगितल्याप्रमाणेच येई. रक्तस्राव मात्र वाढे.

यात कोणा डॉक्टराचा निष्काळजीपणा नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक जण आपल्या पेठेतल्या मणाने प्रामाणिकपणे वजन करीत होता. नेदरलँड्समध्ये तर १९४९ पासून, उत्रेख्त शहरात, अशा रुग्णांची नियमित तपासणी करून त्यांच्या गोळ्या ठरवून देणारी स्वतंत्र सेवा उभी राहिली होती. परंतु उत्तमोत्तम व्यवस्थाही आपल्या क्षेत्रापुरतीच उपयोगी होती. तेथील आकडा घेऊन रुग्ण परदेशी गेला, तर तो आकडा कोणत्या मापाने काढला आहे, हे परक्या डॉक्टराला कसे कळावे? म्हणून या रुग्णांचा जीव जसा गोळीला, तसाच एका विशिष्ट प्रयोगशाळेलाही बांधलेला असे. लांबचा प्रवास, परगावची नोकरी, मुलीच्या घरी चार महिने राहणे, या साऱ्या गोष्टी त्यांना जोखमीच्या होत्या.

हे कोडे सोडविण्याच्या कामी इंग्लंडमधील मँचेस्टर येथील लिऑन पॉलर यांचा वाटा मोठा आहे. एकाच प्रकारचे तुलनात्मक थ्रॉम्बोप्लास्टिन तयार करून ते ब्रिटनमधील रुग्णालयांना पुरवावे, म्हणजे निदान एका देशातील आकडे तरी एकमेकांशी जुळतील, असा त्यांचा मार्ग होता. त्याचे महत्त्व किती, याचा पुरावा १९८२ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथून मिळाला. पायाच्या नीलेत गुठळी झालेल्या ९६ रुग्णांचे तेथे दोन गट करण्यात आले. एका गटाची मात्रा त्या काळी उत्तर अमेरिकेत प्रचलित असलेल्या सशाच्या मेंदूच्या द्रव्याने ठरविली, तर दुसऱ्याची मँचेस्टरच्या द्रव्याने. गुठळी पुन्हा होण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, शेकडा दोनच्या आसपास, राहिले. रक्तस्राव मात्र पहिल्या गटात शेकडा २२ रुग्णांना झाला आणि दुसऱ्यात अवघ्या शेकडा चौघांना. औषध तेच, रोगही तोच. फरक होता तो मापाचा आणि त्यावरून ठरलेल्या मात्रेचा.

परंतु साऱ्या जगाला एकच द्रव्य पुरविणे शक्य नव्हते. तेव्हा दुसरी युक्ती शोधण्यात आली, आणि ती वजनमापांच्या इतिहासाशी परिचय असलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल. सर्वांच्या पेढीवरचे वजन एकाच कारखान्यातून येण्याची आवश्यकता नसते. प्रत्येक वजन एका प्रमाण वजनाशी ताडून पाहिलेले असले म्हणजे पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये थ्रॉम्बोप्लास्टिनचा असा एक आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना मान्य केला. त्यानंतर टॉम कर्कवुड यांनी मांडलेल्या गणिती पद्धतीच्या आधारे, १९८३ मध्ये, संघटनेने प्रत्येक द्रव्याला त्याच्या संवेदनशीलतेचा एक निर्देशांक देण्याची पद्धत स्वीकारली. रुग्णाचा काल भागिले निरोगी माणसाचा काल, आणि त्या गुणोत्तराचा निर्देशांकाइतका घात, असे केले की जो आकडा येतो त्याला आंतरराष्ट्रीय सामान्यीकृत गुणोत्तर म्हणतात. आज रुग्ण आणि डॉक्टर दोघेही त्याला आद्याक्षरांनी, आय. एन. आर. असे ओळखतात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, दोन शहरांतल्या दोन रुग्णांचे साधे गुणोत्तर २ आले. एका शहरातील द्रव्याचा निर्देशांक १ आहे, तेथे आय. एन. आर. सुद्धा २ च आला. दुसऱ्या शहरातील द्रव्याचा निर्देशांक २ आहे. तेथे दोनाचा वर्ग, म्हणजे ४ आला. पुष्कळ रुग्णांसाठी हा आकडा २ ते ३ यांच्या दरम्यान असावा लागतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मिट्रल झडपेच्या जागी धातूची झडप असेल तर त्याहून थोडा अधिक. तेव्हा पहिला रुग्ण सुरक्षित मर्यादेत आहे आणि दुसरा ती ओलांडून गेला आहे. जुन्या पद्धतीत मात्र दोघांच्याही कागदावर एकच आकडा लिहिला गेला असता.

येथून पुढे हे माप रुग्णाबरोबर प्रवास करू लागले. नागपूरला लिहिलेला अडीच हा आकडा इंदूरच्या डॉक्टराला कळतो, बडोद्याच्याही आणि लंडनच्याही. त्यानंतरची सुधारणा म्हणजे प्रयोगशाळाच हातात मावू लागली. १९८० नंतरच्या दशकात बोटाच्या टोकातून काढलेल्या एका थेंबावरून हा काल मोजणारी लहान यंत्रे निघाली, आणि जर्मनीत रुग्णांना शिकवून त्यांनी स्वतःची तपासणी स्वतः करण्याची प्रथा वाढीस लागली. यंत्राच्या पट्टीवर थ्रॉम्बोप्लास्टिन आधीच बसविलेले असते आणि त्याचे गणित यंत्राला ठाऊक असते. सामान्य माणसाच्या हाती हे काम द्यावे काय, अशी शंका तेव्हा घेतली गेली, आणि ती रास्तच होती. २०१२ मध्ये ११ चाचण्यांतील सहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली, तेव्हा स्वतः तपासणी करणाऱ्यांत गुठळीचे प्रसंग सुमारे निम्म्यावर आले होते. मोठ्या रक्तस्रावात किंवा मृत्यूच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही. अर्थात ज्यांना शिक्षण मिळाले आणि ज्यांना ते जमले, त्यांच्याविषयीचा हा निष्कर्ष आहे.

प्रवासातच या मापाची गरज अधिक का भासावी, याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, प्रवास स्वतःच गुठळीला पोषक असतो. १९४० मध्ये लंडनवर बाँबवर्षाव होत असताना तळघरांतील निवाऱ्यात खुर्च्यांवर रात्र रात्र बसून राहिलेल्या लोकांत फुप्फुसात गुठळी अडकून मृत्यू येत असल्याचे कीथ सिम्प्सन यांनी नोंदविले. १९५४ मध्ये बोस्टनचे शल्यविशारद जॉन होमन्स यांनी दीर्घकाळ बसून केलेल्या प्रवासानंतर पायाच्या नीलांत होणाऱ्या गुठळ्यांचे वर्णन केले. आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने सांगितले की, चार तास वा अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो, मग वाहन विमान असो, आगगाडी असो वा मोटार. निरोगी माणसाच्या बाबतीत मुळातला धोका अल्प असल्याने दुप्पट होऊनही तो अल्पच राहतो. पण ज्याला आधीच हे औषध लागते त्याने तो विसरून चालणार नाही. त्याने मधून मधून उठावे, पाय हलवावेत.

दुसरे कारण आहाराचे. मेथी, पालक यांसारख्या हिरव्या पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते औषधाच्या विरुद्ध काम करते. घरी जो मनुष्य रोज पालेभाजी खातो, त्याची गोळी त्या भाजीला धरून ठरलेली असते. तो यात्रेला निघाला, चार-आठ दिवस उपवासाच्या पदार्थांवर राहिला, तर भाजी सुटते आणि त्याच गोळीचा परिणाम वाढतो. उलट एखादा परप्रांती जाऊन रोज भरपूर साग खाऊ लागला, तर परिणाम घटतो. वाटेत जुलाब झाले, प्रतिजैविक घ्यावे लागले, मद्यपान घडले, अथवा वेळा बदलल्याने गोळी चुकली किंवा दोनदा घेतली गेली, तरी आकडा हलतो. भाजी वर्ज्य करण्याचे कारण नाही. तिचे प्रमाण एकसारखे ठेवावे, एवढेच. आणि गोळीचा परिणाम रक्तात दिसण्यास दोन-तीन दिवस लागत असल्याने आज झालेली चूक परवा कळते. म्हणून निघण्यापूर्वी तपासणी करून घेणे, मुक्काम लांबला तर तेथे पुन्हा करणे, आणि परतल्यावर एकदा खात्री करणे हा शहाणपणाचा मार्ग होय. गोळ्या मोठ्या सामानात न टाकता जवळच्या पिशवीत असाव्यात; आणि त्यांच्याजोडीला तपासणीच्या तारखा, आकडे व मात्रा यांची वही असावी. मात्रेत बदल मात्र आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. सरकारी कामकाजात आयुष्य घालविणाऱ्या आम्हा मंडळींची नोंदवहीवरील भक्ती लोकांच्या थट्टेचा विषय असते. पण मूर्च्छित होऊन परक्या गावी रुग्णालयात आणलेल्या माणसाच्या वतीने बोलणारी ती वहीच असते.

आता तर तपासणी न लागणारी नवी औषधे आली आहेत, तेव्हा ही सारी चर्चा जुनी झाली नाही काय, असे कोणी विचारील. २००८ नंतर अशी औषधे प्रचारात आली आणि पुष्कळ रुग्णांची वारंवारच्या तपासणीतून सुटका झाली, हे खरे आहे. परंतु धातूची झडप असलेल्यांना ती चालत नाहीत. शिवाय सांधेतापाने, म्हणजे लहानपणीच्या ज्वरानंतर, ज्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडतात, अशा रुग्णांची संख्या आपल्या देशात मोठी आहे. अशा रुग्णांपैकी ज्यांचे ठोकेही अनियमित आहेत, त्यांच्यावर भारतासह २४ देशांत एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. गणेशन कार्तिकेयन हे तिच्या प्रमुख संशोधकांपैकी एक होते. नवे औषधच सरस ठरेल असा अनेकांचा कयास होता. प्रत्यक्षात जुन्या औषधावरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. आपल्याच देशात, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत, डॉ. वलियातन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली स्वस्त कृत्रिम झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. त्या झडपेच्या आधारावर जगणाऱ्या माणसालाही हीच गोळी आणि हेच माप लागते.

म्हणजे जुने औषध आणि त्याचे माप आपल्याकडे अद्याप दीर्घकाळ राहणार. प्रश्न उरतो तो ते माप रुग्णापर्यंत पोहोचण्याचा. शहरातल्या रुग्णाला तपासणीसाठी गल्लीच्या टोकापर्यंत जावे लागते. खेड्यातल्या रुग्णाला त्याच तपासणीसाठी पहाटेची एसटी पकडून जिल्ह्याच्या गावी जावे लागते आणि तो दिवसाच्या मजुरीला मुकतो. इतरांनी प्रवासात तपासणी करावी असे आपण म्हणतो. त्याला तपासणीसाठीच प्रवास करावा लागतो. मग तो एक खेप चुकवतो, पुढे दुसरीही चुकवतो, आणि झडप बसविताना वाचविलेला जीव एका न मोजलेल्या आकड्यापायी धोक्यात येतो. जागतिक प्रमाण ठरविण्याचे काम शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये पुरे केले. तालुक्याच्या दवाखान्यात ते लहान यंत्र ठेवणे, पट्ट्यांचा साठा संपू न देणे, यंत्राचा आकडा अधूनमधून प्रयोगशाळेशी ताडून पाहणे आणि ते हाताळण्याचे शिक्षण परिचारिकेस देणे, हे काम शास्त्रज्ञांचे नव्हे. ते कारभार पाहणाऱ्यांचे, म्हणजे आमचे आहे. किलोग्रॅमचा कायदा झाला त्या दिवशी काही प्रत्येक दुकानातला शेर नाहीसा झाला नव्हता. निरीक्षकांना पेठापेठांतून फिरावे लागले, वजने तपासावी लागली, आणि मग कोठे शेवटच्या गिऱ्हाइकाच्या पदरात खरे वजन पडले. रक्ताच्या या मापालाही अजून तेवढी वाट चालायची आहे.